मेंढरं बसतील असं रान

६ सप्टेंबर
मलकापूरजवळच्या मळ्यातून

हरणाक्का,

फोनवर माझा आवाज आला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र लिहायला बसले. विट्याला तुझ्या लेकीच्या, मंगलच्या पत्त्यावर टाकते आहे. बाजाराला आलीस की ती वाचून दाखवेल. मंगल, गाळून वाचायचं नाही. आई चिडली तरी वाच.

उद्या गणपती बसतात. मोदकाचं सारण करायचं सोडून मी सकाळपासून तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे. अगं, आमचा ऋषिराज रांगत होता तेव्हापासून तुमची मेंढरं आमच्या रानात बसतात. आज तो फौजेत आहे. ऊस गेला, रान मोकळं झालं की तुमचा कळप यायचा, रात्री जाळीच्या कुंपणात बसायचा आणि सकाळी लेंड्यांनी रान काळं झालेलं असायचं. खत आम्हाला, धान्य तुम्हाला. एवढाच व्यवहार असता तर मी लिहीत बसले नसते. दुसरा कळप बोलावला असता. पण चुलीपुढं बसून तुझ्याबरोबर चहा प्यायल्याशिवाय मला माघ महिना आल्यासारखा वाटत नाही, आता काय करू?

तुला वाटत असेल, शालू विसरली. काही विसरले नाही. गेल्या माघात आमच्या ह्यांची एकसष्टी झाली, सगळी भावकी रानात जेवली. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास. उरलेला भात पिशव्यांत भरला आणि कुत्र्यांनी विस्कटू नये म्हणून पक्की गाठ मारून बांधाला टाकला. तिसऱ्या दिवशी तुमची मेंढरं बसली. भाताचा आणि मिठाचा वास लागला, त्यांनी पिशव्यांसकट खाल्लं. दोन मेंढ्या फुगून मेल्या. मलकापूरच्या डॉक्टरांनी एकीचं पोट उघडून आतला गोळा बाहेर काढला, तेव्हा तू बघत उभी होतीस आणि मी तुझ्याकडं बघत होते. मी ओटीचं ताट घेऊन आले तोवर तू घोड्यावर बिऱ्हाड लादलं होतंस. "शालू, ह्या रानात आता मला डोळा लागायचा न्हाई," एवढंच बोललीस. ओटीसुद्धा भरून घेतली नाहीस. त्याचा मला राग आहे, तोही लिहून ठेवते.

आता कामाचं. ऋषिराजचं लग्न ठरलं. डिसेंबरात सुट्टी मिळते आहे. लग्न कार्यालयात, पण हळदीचं जेवण आमच्या ह्यांना रानातच घालायचं आहे. म्हणजे पुन्हा तेच रान आणि तीच भावकी. त्यानंतर तुमचा कळप आमच्याकडं बसायला यावा, एवढंच माझं मागणं आहे. रान साफ ठेवायचं माझ्याकडं लागलं.

तुझी,
शालू


२९ सप्टेंबर

हरणाक्का,

मंगलचा निरोप मिळाला. "आईनं ऐकलं, काय बोलली न्हाई." तू काही बोलली नाहीस म्हणजे निम्मं काम झालं असं मी धरून चालते.

तर ऐक. मी समजत होते, एका जेवणानं घात केला. बाकी वर्षभर आपण शहाणे. म्हणून हळदीच्या दिवशी तेवढं सांभाळलं की झालं, असा माझा हिशेब होता. तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यात उकिरडा उपसायला गडी लावले. मी सहज काठावर उभी होते. शेणाच्या थराखाली काय काय निघालं, लिहायला लाज वाटते. शांपूच्या पुड्या, ह्यांच्या तंबाखूच्या पुड्या, गोळ्यांची पाकिटं, बियाण्याच्या पिशव्यांचे तुकडे. आणि सगळ्यांत जास्त काय असेल? दुधाच्या पिशवीचे कोपरे! गेल्या वर्षी म्हैस विकली तेव्हापासून पिशवीचं दूध येतं. मी रोज सकाळी कात्रीनं कोपरा कापते, तो ओट्यावर पडतो, केरात जातो, केर उकिरड्यावर जातो, आणि उकिरडा दरसाल ट्रॉलीत भरून आपण रानभर पसरतो, वर खत घातलं म्हणून समाधान. गडी म्हणाला, "काकी, ह्यो बारीक कचरा न्हाई निवडून व्हायाचा." मी म्हटलं, होईल. चाळण घेऊन बसले. कंबर धरली, पण निम्मा उकिरडा चाळला. उरलेला अजून तसाच आहे आणि मला बघून हसतो आहे.

आता घरात दोन टोपल्या ठेवल्या आहेत. कुजणारं एकीत, न कुजणारं दुसरीत. कुजणारं तेवढं उकिरड्यावर जातं. दुधाच्या पिशवीला आता नुसती चीर देते, कोपरा पिशवीलाच लटकत राहतो. दिसायला एवढंसं काम, पण हाताला जुनं वळण असं पडलेलं की पहिल्या आठवड्यात निम्मे कोपरे तुटलेच. तुटला की मी स्वतःला एक शिवी देते. तू ऐकली असतीस तर हसली असतीस.

ह्यांना तंबाखूसाठी पितळेची डबी आणून दिली. "एवढी वर्षं पुडीतली खाल्ली, आता म्हातारपणी डबी धरू व्हय?" म्हणून दोन दिवस माझ्याशी अबोला. अबोल्यात घर शांत होतं, मीही घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं डबी खिशात घातली.

माझी फजितीही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी मिरवतेच आहे. भंगारवाला म्हणाला, पिशव्या धुऊन सुकवून दिल्या तर नेईन. मी पंधरा दिवसांच्या पिशव्या धुतल्या आणि कुंपणाच्या तारेवर ओळीनं वाळत घातल्या. दुपारी वारं सुटलं. सगळ्या पिशव्या गुंडाच्या उसात. गुंडा म्हणजे आमच्या चुलतदिराचा मुलगा, जीभ तिखट. बांधावर उभा राहून ओरडतोय, "काकी, तुमचं रान साफ कराया आमचं घाण करता व्हय?" काय बोलणार? पदर खोचला आणि पात्यांनी हात कापून घेत त्याच्या उसात शिरले. त्यालाच दया आली, तोही शिरला. बाहेर आल्यावर म्हणतो कसा, "ह्यातल्या निम्म्या पिशव्या तुमच्या न्हाईतच, आमच्याच हायत." आता त्याची बायको पण चीर देते.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? मंगलला विचारलं तर ती "बरा हाय" म्हणते. तुझ्या घरात सगळ्यांनाच बोलायचा कंटाळा आहे.

शालू


८ नोव्हेंबर

हरणाक्का,

दिवाळी झाली, तुम्ही आता निघायच्या तयारीत असाल. तुझ्या लेकानं, तानाजीनं, काल आमच्या ह्यांना फोन केला. मोठ्या अदबीनं बोलला, "आवं नाना, यंदा कळप बसवायचा बोरगावच्या माणसाला शब्द दिलाय. राग मानू नगासा." हे "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडं बघत बसले.

मला वाईट वाटलं. लपवत नाही, मी रडले. दोन महिने मी कुणासाठी चाळण घेऊन बसले होते? रागानं आज सकाळी दुधाची पिशवी घेतली, कात्री घेतली, म्हटलं आता कशाला ते थेर. आणि खरं सांगते, हातानं आपोआप चीरच दिली. कोपरा पिशवीला तसाच लटकत राहिला. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले आणि मग मला हसू आलं. तू येणार नाहीस हे माझ्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा तू ये नाहीतर नको येऊ, इथलं चालू राहील. बोरगावचा शब्द मोड असं मी म्हणणार नाही. शब्द मोडून आलेली हरणाक्का मलाही नको. पण वाटेवरून जाशील तेव्हा रान बघून जा. एवढं तरी कर.

बघायला काही उरेल का, हा प्रश्न आहे, कारण घरात हळदीच्या ताटांवरून महाभारत चाललं आहे. मी म्हटलं, भैरोबाच्या देवळामागच्या खोलीत गावाची स्टीलची ताटं धूळ खात पडली आहेत, ती काढू. एके काळी सगळी लग्नं त्यांच्यावरच व्हायची. हे म्हणाले, "पोराच्या हळदीला लोकांस्नी ताटं धुवाया लावू? भावकी तोंडात शेण घालंल. अगं, पोरगा फौजेत हाय, काय इज्जत?" मी म्हटलं, "आवं, फौजेत तो स्वतःचं ताट स्वतःच धुतो, विचारा त्याला." त्यावर ते उठून गेले.

मग माझी समजूत काढायला म्हणून ते कराडातून गठ्ठाभर पत्रावळ्या घेऊन आले. हिरव्यागार, पानाचं चित्र छापलेल्या. "हे घे, झाडाची हाय, कुजती. मेंढरानं खाल्ली तरी पचंल. झालं तुज्या मनासारखं?" माणूस एवढा खूश होता की मलाही वाटलं, सुटलो. दुकानदारानंही छातीठोक सांगितलं म्हणे. पण उकिरड्यानं मला संशयी केलं आहे. एक पत्रावळ घेतली आणि बादलीत बुडवून ठेवली. सकाळी कागदाचा लगदा झाला होता. तो चोळून काढला तर हातात काय राहिलं? पातळ, पारदर्शक, ताटाएवढी प्लास्टिकची झिल्ली. फाटेना, चुरगळेना. ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ती झिल्ली पसरून ठेवली.

त्यांनी ती उचलली. बोटावर घेऊन ओढून बघितली. मग म्हणाले, "त्या मेंढीच्या पोटातनं आसलंच निघालं हुतं न्हाई?"

एकसष्टीनंतर पहिल्यांदा त्यांनी त्या गोष्टीचं नाव काढलं. तुला वाटत असेल की त्यांना काही वाटलं नाही. तसं नाही गं. माझ्या माणसाला वाटतं सगळं, फक्त वर यायला वेळ लागतो. पत्रावळ्या ते स्वतः परत देऊन आले आणि येताना देवळाची किल्ली मागून आणली.

प्रवासात गुडघ्याला तेल लाव. मंगलकडं बाटली पाठवली आहे, काचेची आहे.

शालू


१५ डिसेंबर

हरणाक्का,

लग्न झालं. सून घरात आली, संयोगिता नाव. मिरजेची आहे, बोलायला मोकळी. पण मला तुला लग्नाचं नाही, हळदीचं सांगायचं आहे.

ऊस वेळेत गेला. हळदीच्या दिवशी सकाळी रान मोकळं होतं, पाचट न पेटवता कडेला ओढून ठेवलं होतं. आमच्या बचत गटाच्या बायकांनी ताटं चिंचेनं घासून लखलखीत केली. पाण्याची पिंपं आणि स्टीलचे पेले ठेवले. खरकटं ताट कुठं घासायचं, त्याची जागा बांधाजवळ केली, राख आणि नारळाची शेंडी ठेवली. मला धाकधूक होती. पहिली पंगत उठली आणि माणसं ताट हातात घेऊन इकडं तिकडं बघायला लागली. कुणीच पुढं होईना. भाऊसो पाटील, ते नेहमी पहिल्या पंगतीत असतात, "काय नाथाजी, ताटं बी आमीच धुवायची व्हय?" म्हणून सगळ्यांदेखत हसले. आणि आमचे हे, अंगात नवा कोरा सदरा, उठले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, भाऊसोंच्या हातातलं ताट घेतलं आणि राखेनं घासायला बसले. घरचा कर्ता खाली बसलेला बघून भाऊसो काय उभे राहणार? मग रांगच लागली. मी भाजीच्या पातेल्यामागं जाऊन डोळे पुसले. तिथं कांदाही नव्हता, म्हणून खरं ते लिहिते आहे.

जेवणं झाल्यावर ऋषिराज म्हणाला, "आई, आता लाइन लावायची." फौजेत म्हणे सकाळी सगळे जवान हाताच्या अंतरावर उभे राहतात आणि मैदान पायाखालून घालत कचरा वेचतात. त्याच्या अंगाला हळद लागलेली, डोळे तेवढे पांढरे. ह्यांच्या धोंडुबाई आत्या काठी घेऊन आडव्या आल्या. "खुळा झालास काय रं? हळद लागल्याला नवरा शीव वलांडत न्हाई. काय बाधलं तर?"

"आत्याआजी, शीव कुठं वलांडतोय? ह्यो आपलाच बांध हाय."

"बांधाच्या पुढं एक पाऊल टाकशील तर बग."

शेवटी आत्या स्वतः बांधावर खुर्ची टाकून बसल्या, तो पुढं जातो का ते बघायला. आणि पिवळा नवरदेव, गुंडा, भावकीतली बारकी-थोरली पोरं, आम्ही बायका, टोकाला हे, अशी सगळी रानभर एका ओळीत चाललो. हसून हसून पुरेवाट झाली. आत्या खुर्चीतून ओरडत होत्या, "त्यो बग, त्या ढेकळाखाली चमाकतंय!" सगळ्यांत जास्त त्यांनाच दिसलं.

आता जे मला लिहायचं नाही ते लिहिते. मी सांगून, बजावून, पाया पडूनही आइस्क्रीमचे चमचे निघाले, फुग्यांचे तुकडे निघाले, बाटल्यांची झाकणं निघाली. कोण घेऊन आलं देव जाणे. आम्ही दोनदा लाइन लावली. तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पाटाकडं गेले तर एक वेफर्सची पिशवी पाटात अडकलेली. त्यामुळं सगळं निघालं असं मी तुला लिहिणार नाही. उकिरड्यातून गेलेलं मागच्या सालांचं मातीत आहे, ते नांगरट होईल तसं वर येईल, मी वेचत राहीन. तुझ्या मेंढराला काही होणार नाही अशी शपथ घालून तुला बोलवावं असं फार वाटतं. पण घालवत नाही.

रान असं आहे. तू ठरव.

शालू


२२ डिसेंबर
विटा

शालूबाईस,

मंगल लिहितीया, मी सांगतीया. ती म्हणती, आई नीट बोल, पत्रात जातंय. मी म्हणलं, शालूला माजं बोलणं ठावं हाय.

तुजी समदी पत्रं ऐकली. दुधाच्या पिशवीचं मंगलनं दोनदा वाचलं. तिच्या घरात बी आता तसंच करती. पत्रावळीचं तानाजीनं मंगलला परत वाचाया लावलं. आमी बी जत्रंला त्याच घेतो, आमाला काय म्हाईत.

आता तुला सांगते. आदल्या सोमवारी आमी बोरगावाकडं जाताना तुज्या वरच्या रस्त्यानं गेलो. तू घरात न्हवतीस, सुनंला घिऊन जेजुरीला गेल्याली. नाथाजीदादांनी बघितलं आसंल, पर हाक मारली न्हाई. बरं केलं. म्या तानाजीला म्हणलं, तू मेंढरं घिऊन हो म्होरं. आन मी एकटीच तुज्या रानात उतरले. बांधानं फिरले, सऱ्यांतनं फिरले, काठीनं माती उकरून बगितली. मला बी एक झाकण घावलं. पदराच्या वट्यात टाकलं.

तवा तुजं हळदीचं पत्र ऐकलं न्हवतं. काल बाजाराला हितं आल्यावर मंगलनं वाचलं. शालू, समदं निघालं, आता काय न्हाई, आसं लिवलं आसतंस तर म्या ते झाकण तुला पाठवलं आसतं आन परत नाव घेतलं नसतं. तू लिवलंस की निघालं न्हाई, वेचत ऱ्हाईन. मंग मला झोप लागली.

बोरगावला शब्द दिलाय, त्यो मोडायचा न्हाई. तानाजी कळप घिऊन तिथंच बसंल. पर आमच्या काय मेंढ्या वाटंतच व्यायल्या. त्येंच्या पिल्लांस्नी रोजची चाल झेपत न्हाई, त्येंला यकाच जाग्याला महिना-दीड महिना ठिवावं लागतं. तानाजी म्हणला, बोरगावातच ठिवू, तिथं बी रान हाय. म्या न्हाई म्हणलं. त्या मेंढ्या आन पिल्लं घिऊन मी बेस्तरवारी तुज्याकडं येते. जाळी पाटापास्नं लांब मारायला सांग. ह्या खेपंला वटी भरून घेते, काय राग हाय त्यो तवा काड.

तानाजीनं फोनवर इचारलं, "आये, येवडं झाल्यालं रान, थोरली मेंढरं नेली आसती तर येक येळ चाललं आसतं. पिल्लं का?" म्या त्येला सांगितलं त्येच तुला सांगते. थोरलं मेंढरू वास घिऊन मंग तोंड लावतंय. कोकराला आजून वास कळत न्हाई, ते म्होरं दिसंल त्येला तोंड लावतंय. ज्या रानावर आपला इस्वास हाय, तितंच कोकरू सोडायचं आसतं.

हरणाबाई